हेड नवं घ्यायचं की जुनंच करून घ्यायचं

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. "रामटेकेजी, हेड नया डालें या पुराना ही बनवा लें?" ड्रायव्हर विचारायचे, लेखा शाखा विचारायची, दोन-तीन संचालकांनीसुद्धा विचारला. उत्तर द्यायचं आणि त्याच्याखाली सही करायची, हे माझं काम.

मी केंद्र सरकारच्या एका खात्याच्या मोटार कार्यशाळेत टेक्निकल असिस्टंट म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. गाव चंद्रपूरकडचं, डिप्लोमा नागपूरचा. राहणं फरीदाबादला आणि नोकरी दिल्लीला, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग ये-जा करण्यात संपला. दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल काहीतरी लिहा, असं इथल्या मराठी मंडळाच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मला इंजिनाच्या हेडखेरीज काही येत नाही. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. तर लिहितो.

ज्यांनी गाडीचं बॉनेट फक्त पाणी घालण्यापुरतं उघडलंय त्यांच्यासाठी आधी थोडं. इंजिन म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा. त्यात मोठी गोल भोकं, भोकांत पिस्टन वरखाली होतात. या ठोकळ्यावर एक जड झाकण नटबोल्टांनी आवळून बसवलेलं असतं, ते हेड. कुकरच्या झाकणासारखंच त्याचं काम, आतला दाब आत ठेवायचा. फरक एवढाच की इथे झाकणाच्या खाली आग असते आणि झाकणाच्या पोटातल्या पोकळ्यांतून पाणी फिरत असतं. आग आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जाडीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्या बिडाला केसाएवढी चीर गेली की पाणी आगीत जातं, आग पाण्यात शिरते आणि गाडी रस्त्याच्या कडेला वाफा सोडत उभी राहते.

अशी चीर गेली की दोन रस्ते. एक, कंपनीचं नवं हेड. दुसरा, जुनंच हेड खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, न्यायचं. तो चीर सांधतो, व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, ज्यांवर बसतात त्या सीटा बदलतो, खालची बाजू घासून आरशासारखी सपाट करतो. नीट केलेलं जुनं हेड नव्याइतकं चालतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ‘नीट केलेलं’ या दोन शब्दांवर माझी सगळी नोकरी उभी होती.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक फाटा आहे. डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की तिला इथे रस्त्यावर जागा नाही. मग साडेआठ वर्षांच्या व्हॅनला नवंकोरं हेड घालायचं का? दीड वर्षाने गाडीच भंगारात जाणार. माणसांच्या बाबतीत आपण असा हिशेब करत नाही, किंवा करतो पण बोलत नाही. गाडीच्या बाबतीत फाइलवर लिहावं लागतं: ‘वाहनाचे उर्वरित आयुष्य पाहता जुन्या हेडची दुरुस्ती योग्य.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी त्याचा रबरी शिक्का करून घेतला.

नवं म्हणजे चांगलं, असंही नसतं. आमच्याकडे एक संचालक होते, त्यांना जुन्याचा तिटकारा. "रामटेके, नया मतलब नया," असं म्हणून त्यांनी एकदा पुरवठादाराकडून परस्पर नवं हेड मागवलं. खोका सीलबंद, आत तेलकट कागद, वर होलोग्राम. मी कागद काढला, हेड उलटं केलं आणि बोट फिरवलं. ओतीव नंबर जिथे असतो तिथे बोटाला गुळगुळीत लागलं. नंबर घासून काढला होता. कोणत्या तरी भंगारातल्या गाडीचं हेड धुऊन, रंगवून, खोक्यात घालून आम्हाला नवं म्हणून आलं होतं. संचालकांना दाखवलं तर त्यांनीही त्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाले, "इससे अच्छा तो आपका सरदार है."

माझा सरदार म्हणजे करतारसिंगजी. फरीदाबादला ‘पाच नंबर’ म्हणतात त्या वस्तीत त्यांचं खरादाचं दुकान. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, उंच, कमी बोलणारे. बीड वेल्ड करणं सोपं नसतं. तापवताना घाई केली की तडकतं, थंड करताना घाई केली तरी तडकतं. करतारजी हेड भट्टीत हळूहळू लाल करायचे, सांधायचे आणि मग गरम राखेत पुरून ठेवायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "जल्दी है तो नया ले लो जी."

सुरुवातीला मी त्यांचं पहिलंच काम तीनदा परत पाठवलं होतं. सपाटी जरा कमी होती, पट्टी ठेवली की खालून उजेड दिसायचा. चौथ्यांदा ते स्वतः हेड घेऊन कार्यशाळेत आले, माझ्या टेबलावर पट्टी ठेवली आणि म्हणाले, "देख लो. अब हवा भी नहीं जाएगी." खरंच गेली नाही. तेव्हापासून पुढची एकोणतीस वर्षं आमच्या खात्याची बहुतेक हेडं त्यांच्या हाताखालून गेली. एकही परत आलं नाही. सणाला ते आमच्याकडे यायचे, माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातची पुरणपोळी दुधात कुस्करून खायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत केलं होतं.

नियम असा होता की दुरुस्त केलेल्या हेडची दाबाची चाचणी फोरमनने समक्ष पाहायची. चाचणी म्हणजे हेडची सगळी तोंडं रबराने बंद करायची, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. कुठे बुडबुडा आला की चीर आहे. पाणी गरमच लागतं, कारण थंड बीड चीर मिटून धरतं. चाचणीच्या कागदावर शेवटचा रकाना असे: ‘समक्ष पाहिली’. त्याच्यापुढे सही. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं मी प्रत्येक वेळी पाच नंबरात जाऊन, टाकीच्या काठाशी उकिडवा बसून बुडबुडे शोधले. मग एकदा नाही गेलो.

ती आमची स्टाफ व्हॅन होती. सकाळी दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या बायकांना ऑफिसला आणायची, दिवसा नोएडाच्या शाखेत फाइली आणि माणसं न्यायची-आणायची. वय पावणेनऊ वर्षं. ड्रायव्हर ओमप्रकाश, पलवलकडचा. पंचेचाळिशीचा, काटक, गाडी स्वतःच्या पैशाने आणलेल्या फडक्याने पुसणारा माणूस. मे महिन्यात त्याने तक्रार लिहिली की पाणी कमी होतंय. आम्ही हेड उघडलं. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर होती. मी शिक्का मारला आणि हेड करतारजींकडे पाठवलं.

चाचणीच्या दिवशी पारा चव्वेचाळीसच्या पुढे होता. माझे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मी खुर्चीत बसूनच फोन लावला.

"टेस्ट हो गया, करतारजी?"

पलीकडे जरासा वेळ गेला. मग ते म्हणाले, "हो गया जी."

मी ‘समक्ष पाहिली’च्या पुढे सही केली. हे मी कोणत्याही लोभाने केलं नाही, कोणी दबाव आणला नाही. मी दमलो होतो आणि माझा त्या माणसावर विश्वास होता. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

हेड बसलं, व्हॅन रस्त्यावर गेली आणि तीन आठवडे ठीक चालली.

जूनमधल्या एका दुपारी ओमप्रकाश नोएडाहून चार बायकांना घेऊन परत येत होता. कालिंदी कुंजच्या अलीकडे वाहनांची रांग हलेना. तापमानाची सुई चढायला लागली तशी त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. सावली कुठेच नव्हती. गाडीतल्या एक वयस्कर बाई, साठीला टेकलेल्या, त्यांना भोवळ यायला लागली. बाकीच्या त्यांना पदराने वारा घालत होत्या. ओमप्रकाशने घाई केली नाही. त्याने वीस-पंचवीस मिनिटं वाट पाहिली, चावी फिरवून सुई पाहिली. सुई खाली आली होती. मग त्याने फडकं ओलं करून रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं आणि झाकण अर्धा आटा फिरवलं.

झाकण हातातून उडालं. उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या उजव्या हातावर, मानेवर आणि अर्ध्या चेहऱ्यावर गेला.

मला फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा धूत होतो.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दाराकडे बोट केलं. ओमप्रकाशच्या चेहऱ्याला पट्ट्या होत्या, डावा डोळा तेवढा उघडा. मला वाटलं तो रडेल किंवा चिडेल. तो म्हणाला, "साहब, सुई नीचे थी."

"बोल मत तू."

"कसम से नीचे थी, साहब. मैंने देखी थी. सब कह रहे हैं, गरम गाड़ी का ढक्कन खोल दिया, इतने साल में इतना भी नहीं सीखा. वो साहब लोग आए थे, वो भी यही बोले. कोई मान नहीं रहा." मग त्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहत त्याने विचारलं, "आप तो जानते हो ना? ऐसा होता है ना, कि सुई नीचे हो और फिर भी...?"

होतं. हेडला चीर असली की आगीचा धूर पाण्याच्या वाटांत शिरतो आणि पाणी बाहेर ढकलतो. पाण्याची पातळी इतकी खाली जाते की तापमान मोजणाऱ्या बटनाला पाणी लागतच नाही. बटन कोरडं झालं की सुई खोटं बोलते. आणि झाकणाखाली दाब तसाच कोंडलेला असतो, वीस मिनिटांनी काय, तासाने सुद्धा. ड्रायव्हरला हे कळायला मार्ग नाही. फोरमनला कळायला हवं.

"होता है," मी म्हणालो. एवढंच म्हणून मी बाहेर आलो.

तिथून मी सरळ पाच नंबरात गेलो. करतारजी लेथजवळ बसले होते, मशीन बंद. बातमी त्यांना पोचली होती. मी विचारलं, "टेस्ट की थी?"

ते म्हणाले, "मिट्टी के तेल से की थी."

म्हणजे हेडच्या पोकळीत रॉकेल ओतून झिरपतं का ते पाहायचं. जुनी पद्धत. व्हॉल्व्हची गळती त्यात कळते, बिडातली बारीक चीर कळेलच असं नाही. चाचणीच्या टाकीची रबरं फाटली होती, नवी यायची होती. आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जी त्यांनी बहुतेक घरच्यांनाही सांगितली नव्हती. वर्षभर त्यांना बारीक दिसत नव्हतं. चीर ते बोटाने चाचपत होते. "तीस साल का हाथ है, रामटेकेजी. मुझे लगा हाथ देख लेगा."

मी म्हटलं, "फोन पर बता देते."

ते म्हणाले, "आप आ जाते तो देख लेते."

दोघांचंही खरं होतं. मी चहा न घेता उठलो.

चौकशी आमच्या उपसंचालक सक्सेना मॅडमकडे होती. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. फाइल त्यांच्यापुढे उघडी होती. "रामटेकेजी, ढक्कन पर साफ लिखा होता है, गरम हालत में न खोलें. ड्रायव्हर ने खोला. आपका कागज़ पूरा है, टेस्ट है, आपके साइन हैं. मैं इसको चालक की लापरवाही लिखकर बंद कर दूँ? आपके तेरह महीने बचे हैं. शांति से निकल जाइए."

"त्याचं काय होईल?" मी चुकून मराठीतच विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"उसको चार्जशीट जाएगी. इलाज का खर्च ड्यूटी का नहीं माना जाएगा. नौकरी शायद बच जाए." त्यांनी फाइल मिटली. "आप टेक्निकल रिपोर्ट सोमवार तक दे दीजिए. छोटी सी."

घरी आल्यावर मी सुनंदाला अर्धवट सांगितलं. हेड गेलं, ओमप्रकाश भाजला, असं. ती शाळेत गणित शिकवायची, अर्धवट उत्तर तिला लगेच कळतं. पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिली होती ना चाचणी?"

मी म्हटलं, "करतारजी होते."

लाटणं थांबलं. "मी तुमचं विचारतेय."

मी ताटं मांडायला घेतली. तिने परत विचारलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

रविवारी आम्ही विहारात गेलो, नेहमीसारखे. आमच्या सेक्टरातली नागपूर-अमरावतीकडची, नांदेडकडची पंधरा-वीस कुटुंबं जमतात. पंचशील म्हणताना माझा आवाज जरा मोठा, म्हणून मी पुढे बसतो. चौथ्या शीलाला आलो, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज बसला. मागच्यांना वाटलं खोकला आला. त्यांनी माझ्याशिवाय पुढचं म्हटलं. मी मान खाली घालून बसलो. हे सगळं मी लहानपणापासून रोज म्हणत आलो होतो, त्याचा अर्थ मला पाठ होता. पाठ असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

सोमवारी मी दीड पानाचा अहवाल लिहिला. सुई खाली का आली असेल, ते चित्र काढून समजावलं. ड्रायव्हरने अनुभवाप्रमाणे सगळी काळजी घेतली होती, असं लिहिलं. हेडला आधीपासून चीर होती, दाबाची चाचणी झालीच नव्हती, फक्त रॉकेलची झाली होती, हे लिहिलं. दुकानाचं नाव लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की ‘समक्ष पाहिली’ याच्यापुढची सही माझी आहे आणि ती खोटी आहे.

सक्सेना मॅडमनी तो उभ्यानेच वाचला. "आपको पता है इसका क्या मतलब है?" मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि शिपायाला अहवालाची प्रत काढायला सांगितली.

ओमप्रकाशवरची चौकशी रद्द झाली, इलाज ड्यूटीवरची दुखापत म्हणून मंजूर झाला. उजव्या डोळ्याची नजर मात्र पूर्ण परत आली नाही. गाडी चालवायला मनाई, म्हणून त्याला टपाल शाखेत बसवलं. पहिल्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो तर तो पाकिटांवर शिक्के मारत होता. मी त्याला सांगितलं, सही माझी होती, मी पाहायला गेलो नव्हतो. त्याने शिक्का शाईवर टेकवला, उचलला, पाकिटावर मारला. मग म्हणाला, "पता है साहब. मैडम ने पढ़के सुनाया था." आणखी दोन पाकिटं झाली. "लिख दिया, ये अच्छा किया. सबने मान तो लिया कि सुई नीचे थी." नंतर कधी भेटला तर नमस्कार करायचा, पण माझ्याकडे चहाला येणं त्याने बंद केलं. ते योग्यच होतं.

मला एक वेतनवाढ थांबवल्याचा आदेश मिळाला आणि सेवापुस्तकात ताकीद. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, कोणी तो विषय काढला नाही. तेही मला थोडं लागलं.

त्या व्हॅनचं काय झालं तेही सांगतो. खात्याच्या वाहन समितीने ठराव केला की यापुढे जुनी हेडं बंद, फक्त नवी. नव्या हेडची मंजुरी, निविदा, पुरवठा यात व्हॅन कार्यशाळेच्या मागे धूळ खात बसली. हेड आलं तेव्हा तिची दहा वर्षं पुरी व्हायला चाळीस दिवस उरले होते. मी स्वतः बसवलं. हे खरंच नवं होतं, अस्सल. इंजिन इतकं गोड चालत होतं की मिस्त्री लोक ऐकायला जमले. चाळीस दिवसांनी ती लिलावात गेली.

आता जे सांगायचं राहिलं ते सगळ्यात अवघड आहे.

अहवालात करतारजींच्या दुकानाचं नाव लिहिलं, ते खोटं नव्हतं. पण लिहिण्याआधी मी त्यांना सांगितलं नाही. फोन करू शकलो असतो, माझ्या घरापासून त्यांचं दुकान वीस मिनिटांवर. खात्याच्या यादीतून नाव काढल्याची नोटीस त्यांना टपालाने गेली. तीस वर्षांची ओळख, आणि त्यांना कळलं ते टपालाने. का नाही गेलो? स्वतःविरुद्ध लिहायला जेवढं धैर्य लागलं तेवढ्यात माझं संपलं, असं मी स्वतःला सांगतो. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत, मी त्यांच्याकडे गेलो नाही. दोन वर्षं मी भाजीलासुद्धा पाच नंबरातून जायचं टाळत होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीतली कविता माझ्याकडे आली. नवऱ्याच्या मागे ती स्वतः शाळेची व्हॅन चालवते, बारा वर्षं जुनी, सीएनजीवरची. हेड गेलं होतं. "अंकल, नया बहुत महँगा है. सब कहते हैं पाँच नंबर में एक सरदारजी हैं, पुराना भी नया कर देते हैं. आप साथ चलोगे? मुझे तो कुछ समझता नहीं." नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही, उतरवलेलं हेड रिक्षात घालून आम्ही निघालो.

दुकान अर्धं झालं होतं, अर्ध्यात कोणी मोबाइलची कव्हरं विकत होतं. करतारजी आत स्टुलावर बसले होते, जाड चष्मा, दाढी पूर्ण पांढरी. मी नाव सांगितलं नाही, पण त्यांनी पावलांच्या आवाजावरून ओळखलं असावं. "आओ जी," म्हणाले. चहा मागवला. कविता बाहेर फोनवर बोलत थांबली. आम्ही दोघांनी अर्धा चहा संपवला.

मग तेच बोलले. "आपने सच लिखा. ठीक किया. मैं आपकी जगह होता तो मैं भी वही लिखता." त्यांनी पेला खाली ठेवला. "पर लिखने से पहले एक बार आ जाते. मैं खुद दस्तखत कर देता, नीचे."

मला हे सुचलंच नव्हतं. एवढ्या दिवसांत एकदाही नाही. मी त्यांची माफी मागितली, तीही नीट जमली नाही. त्यांनी हात हलवला आणि कविताचं हेड पुढे ओढलं. लाल रंगाचा द्रव फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. असं केलं की चीर असेल तिथे लाल रेघ उमटते. मग त्यांनी दिवा माझ्या हातात दिला. "मुझे नहीं दिखता. आप बोलो."

मी वाकलो. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन सीटांच्या मध्ये, पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली, लाल, अगदी बारीक.

"है," मी म्हणालो.

"पानी तक?"

"पानी तक."

त्यांनी जागेवरून हाक मारली, "बेटी, ये नहीं बनेगा. नया डलवा. बच्चे बैठते हैं." कविताचा चेहरा उतरला. ती हुज्जत घालू लागली, सरदारजी, आप तो सब बना देते हो, थोड़ा कोशिश तो करो. त्यांनी तिला नीट समजावलं, पाण्यापर्यंत गेलेल्या चिरेचा सांधा टिकेलच असं नाही, कुठे अस्सल मिळेल ते सांगितलं, नंबर कुठे पाहायचा तेही सांगितलं. ती हेड रिक्षात टाकून गेली.

मी निघताना ते म्हणाले, "बेस्पतवार को माल ज़्यादा आता है. टाइम हो तो आ जाया करो."

म्हणून आता दर गुरुवारी सकाळी मी पाच नंबरात जातो. गुडघे कुरकुरतात, ई-रिक्षा बदलावी लागते, सुनंदा म्हणते अजून हौस फिटली नाही का. हौस वगैरे काही नाही. टाकीची नवी रबरं बसवून घेतली आहेत. मी काठाशी स्टूल घेऊन बसतो आणि बुडबुडे बघतो. मागच्या गुरुवारी चार हेडं आली होती. दोनांतून बुडबुडे आले, ती मी परत पाठवली. गिऱ्हाइकांशी करतारजी बोलले.